फुग्यातला आवाज

ज्या निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म झाला, तेथल्या एखाद्या शिक्षकाने तालुक्याची चित्रकथा काढावयाचे मनावर घेतले, राज्यातील पहिले रामसर पाणथळ ठरलेल्या नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, लासलगावच्या बाजारातला कांदा आणि मांडवावरची द्राक्षे हौसेने रंगविली, तरी पात्रांच्या तोंडच्या फुग्यांत कोणता फॉन्ट घालावा, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नापाशी त्याचे गाडे अडते. आणि ते अडावेच, कारण चित्रातल्या पात्राचा आवाज वाचकाला कानांनी नव्हे, अक्षराच्या वळणावरून ऐकावयाचा असतो.

संगणकात आयताच सापडणारा 'मंगल' हा र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर सुलेखनकाराच्या हातचा असून दफ्तरी मजकुराला तो उत्तम शोभतो. मात्र तोच फुग्यात घातला की पाणकोंबडीदेखील मामलेदार कचेरीची नोटीस वाचून दाखवीत आहे असे वाटू लागते.

इंग्रजी चित्रकथांतील संवाद बहुधा मोठ्या लिपीत लिहितात, त्यामुळे त्यांच्या ओळी विटांच्या थरासारख्या सपाट बसतात. आपल्या लिपीत मात्र शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांची दाटी आणि पायाशी उकारांची ओढ असल्यामुळे ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. १९६४ साली सुरू झालेली 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही निघत. तेव्हा इंग्रजीच्या मापाने आखलेल्या फुग्यांत वेताळाचे मराठी बोलणे बसविताना अक्षरकाराची किती तारांबळ उडत असेल, याची कल्पना मला आता येते. फुगे मजकूर लिहून झाल्यावर काढावेत. आधी कधीही नाही.

परीक्षेसाठी 'शेतकऱ्यांनो' हा एकच शब्द घ्यावा. यातला 'ऱ्या' हा मराठीचा खास ऐवज आहे, कारण त्याच्याच बळावर स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आपण विद्या देणाऱ्या आचार्यांपासून वेगळे ओळखतो. ज्या फॉन्टात तो तुटतो किंवा रफार होऊन डोक्यावर चढून बसतो, तो फॉन्ट कितीही देखणा असला तरी आपल्या कामाचा नव्हे. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हेही तितक्याच बारकाईने पाहावे: पुष्कळ फॉन्टांत मूळची वळणे हिंदी धाटणीची असतात आणि संगणकावर मजकुराची भाषा मराठी अशी निवडली तरच ती बदलतात, तेही फॉन्टकाराने तशी तजवीज ठेवली असेल तर.

माझे मत विचाराल तर, संवादाला 'कलम' बरा, कारण त्याला किंचित कललेल्या हस्ताक्षराची सहजता आहे. मथळ्याला आणि आरडाओरड्याला मुंबईच्या एकटाइपचा गुबगुबीत 'बलू' चालेल. दोन्ही फॉन्ट विनामूल्य मिळतात, त्यामुळे शाळेच्या तिजोरीला तोशीस नाही. 'धाडकन', 'फडफड', 'डुबुक' हे शब्द मात्र फॉन्टाच्या हवाली करू नयेत; ते चित्रकारानेच कुंचल्याने काढावेत, कारण ते चित्राचाच भाग असतात.

आणि पडद्यावर पाहून निवड करू नये. ज्या कागदावर पुस्तक निघणार त्याच कागदावर, त्याच मापात एक पान छापावे आणि चौथीतल्या मुलाच्या हाती द्यावे. 'क्ष' आणि 'ष' यांची पोटे शाईने भरली असतील, तर तो वाचताना तेथेच अडखळेल.