जलपर्णीची ओळख

तलावावरील प्रत्येक हिरवे आच्छादन म्हणजे जलपर्णी नव्हे. स्वच्छता मोहिमेच्या उत्साहात हा भेद विसरला गेला, तर एखाद्या कुटुंबाचे वर्षाचे पीक उपटून काठावर पडायचे. म्हणून हा लेखनप्रपंच.

भंडारा-गोंदियाकडील तलावांत ढिवर समाज शिंगाड्याचे पीक घेतो. शिंगाड्याच्या पानाचा देठ फुगीर असतो आणि जलपर्णीचाही. त्यामुळे फुगीर देठ एवढीच खूण धरणारा फसतो. शिंगाड्याचे पान चौकटच्या आकाराचे, कडा दातेरी, फूल पांढरे आणि खोड तळच्या चिखलापर्यंत गेलेले. जलपर्णीचे पान गोलसर, जाड, चकचकीत, कडा अखंड. शिवाय दाटी झाली की जलपर्णीचे देठ उंच व सडपातळ होतात आणि फुगवटा जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी रोप उचलूनच पाहावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. काळसर-जांभळ्या, पिसासारख्या मुळांचा झुबका पाण्यात लोंबत असेल आणि आडव्या धावत्या फांदीने शेजारचे रोप जोडलेले असेल, तर संशयाला जागा उरत नाही. गोंडाळ वेगळी: तिची फिकट, मखमली पाने बिनदेठाची, कोबीसारखी मांडलेली असतात.

जलपर्णीचे फूल मात्र देखणे आहे. फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, वरच्या पाकळीवर निळ्या वलयात पिवळा ठिपका. मोरपिसाचा डोळाच जणू. या देखणेपणानेच घात केला. मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील ही वनस्पती शोभेसाठी देशोदेशी नेली गेली आणि 19व्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोहोचली. तेथे नावांची वाट अडली, मासेमारी व भातशेती संकटात आली, आणि 1936 साली तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एका पाणवनस्पतीसाठी कायदा! इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत याला दोन ओळी मिळाल्या असत्या, तर बरे झाले असते.

ओळख पटल्यावर ती फुलण्यापूर्वीच काढावी, कारण तिचे बी गाळात 15-20 वर्षेही तग धरू शकते. अनुकूल स्थितीत ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. त्यामुळे अर्धवट सफाई म्हणजे वाया गेलेले श्रम. काढलेला ढीग काठावर ठेवू नये, पहिल्याच पावसात तो परत पाण्यात जातो. आणि गावाचे सांडपाणी तलावात येत असेल, तर आधी ते वळवावे. तिचे खाद्य तेच आहे.