लातूरचा काळा पाषाण आणि ज्वालामुखीची भीती

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २००६-०७ मध्ये नांदेड शहराने सौम्य धक्के आणि जमिनीखालून येणारे आवाज अनुभवले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने नांदेडकर पुन्हा घराबाहेर आले. शाळेत शिकलेला एक धडा अशा वेळी हमखास आठवतो : मराठवाड्याची जमीन लाव्हारसाच्या थरांनी बनली आहे. मग हा ज्वालामुखी पुन्हा जागा तर होणार नाही ना, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे.

या शंकेचे उत्तर त्या काळ्या पाषाणातच दडलेले आहे. ज्वालामुखीचा प्रत्येक खडक आपला जन्मदाखला सोबत बाळगून असतो. तो शाईने नव्हे, तर मूलद्रव्यांच्या प्रमाणांत लिहिलेला असतो आणि तो वाचण्याचे शास्त्र म्हणजे भूरसायनशास्त्र.

ज्वालामुखी दोन प्रकारचे

जगातील बहुसंख्य धोकादायक ज्वालामुखी निमज्जन क्षेत्रांवर उभे आहेत. पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांत विभागलेले आहे. जेथे समुद्रतळाचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली सरकत खोल जातो, त्या भागाला निमज्जन क्षेत्र म्हणतात. जपान, इंडोनेशिया आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ही त्याची ठळक उदाहरणे. भारताच्या हद्दीतही असा एक जागृत ज्वालामुखी आहे : अंदमानातील बॅरन बेट. तेथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडे खाली सरकतो. दीर्घकाळ शांत राहिलेला हा ज्वालामुखी १९९१ मध्ये जागा झाला आणि त्यानंतरही अनेकदा त्याचे उद्रेक झाले. २००४ ची विनाशकारी त्सुनामी ज्या भूपट्ट-सीमेवर उद्भवली, त्याच सीमेच्या वर हे बेट आहे. लातूरपासून ते सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे.

दुसऱ्या प्रकारचे ज्वालामुखी भूपट्टाच्या सीमेशी संबंध नसतानाही उद्भवतात. प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालील जाड थरातून, तप्त द्रव्याचा स्तंभ वर येतो आणि भूपट्टाच्या मधोमध वितळतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे जे प्रचंड पूर आले, ते याच प्रकारचे असल्याचे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. आज शिल्लक असलेले हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत.

पाण्याची करामत

या दोन प्रकारांतील मूळ फरक पाण्याचा आहे. खाली सरकणाऱ्या समुद्रतळाच्या खडकांत आणि गाळात पाणी खनिजांच्या रूपाने बंदिस्त असते. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर दाब आणि उष्णता वाढली की ही खनिजे मोडतात आणि पाणी मुक्त होऊन वरच्या प्रावरणात शिरते. पाणी मिसळले की प्रावरणाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी उतरतो आणि शिलारस तयार होतो. अशा शिलारसात वजनाने २ ते ६ टक्के पाणी असू शकते. समुद्रतळाच्या मध्यरेषेवर, जेथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, तेथील शिलारसात हे प्रमाण साधारणपणे अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. पाण्याची वाफ होताना शिलारसाला स्फोटक बळ मिळते. बेसाल्टपेक्षा अधिक सिलिका असलेला अँडेसाइट हा खडक निमज्जन क्षेत्रांत विपुल आढळतो आणि त्याचे नावच अँडीजवरून पडले आहे.

पाणी वर जाताना रिकाम्या हाताने जात नाही. चहा उकळताना रंग आणि स्वाद पाण्यात उतरतो, चोथा मात्र गाळणीत राहतो. तसेच येथे घडते. बेरियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, शिसे यांसारखी मूलद्रव्ये पाण्याबरोबर सहज वर जातात. नायोबियम, टँटॅलम आणि टायटॅनियम पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती खाली जाणाऱ्या पट्टातील रूटाइलसारख्या खनिजांत अडकून राहतात. त्यामुळे निमज्जन क्षेत्रातील खडकाच्या मूलद्रव्यांचा आलेख काढला की बेरियम आणि शिसे यांच्या ठिकाणी उंचवटा, तर नायोबियमच्या ठिकाणी खोल खड्डा दिसतो. हाच त्या खडकाचा शिक्का.

याहून थेट पुरावा बेरिलियम-१० या समस्थानिकाने दिला. वातावरणात विश्वकिरणांमुळे तयार होणारे हे समस्थानिक समुद्रतळाच्या गाळात साचते आणि सुमारे १४ लाख वर्षांत निम्मे नष्ट होते. १९८० च्या दशकात ते काही निमज्जन क्षेत्रांतील ताज्या लाव्हारसात सापडले. समुद्रतळावरील गाळ खोल जाऊन काही दशलक्ष वर्षांतच ज्वालामुखीवाटे परत येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले.

दख्खनचा दाखला काय सांगतो?

दख्खनच्या बेसाल्टमध्ये निमज्जनाचा हा शिक्का मुळातून आलेला दिसत नाही. निमज्जन क्षेत्रातील बेसाल्टमध्ये टायटॅनियम ऑक्साइड बहुधा १ टक्क्याच्या आसपास असते; दख्खनच्या पुष्कळ थरांत ते २ ते ३ टक्के आहे. महाबळेश्वरजवळील आंबेनळी घाटावरून नाव मिळालेल्या थरांत प्रावरणाची मूळ रासायनिक ओळख बरीचशी शुद्ध राहिली आहे.

मात्र हा दाखला वाचताना फसगतही होऊ शकते. सह्याद्रीतील बुशे नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत नायोबियमचा खड्डा दिसतो आणि शिशाचे प्रमाणही वाढलेले आढळते. याचे कारण निमज्जन नाही. वर येताना शिलारसाने वाटेतील प्राचीन ग्रॅनाइटी कवच वितळवून आपल्यात मिसळून घेतले. त्या कवचाची ओळख स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून पटते. म्हणूनच एका मूलद्रव्यावरून निष्कर्ष न काढता अनेक पुरावे एकत्र तपासावे लागतात.

ज्या तप्त स्तंभाने हा लाव्हारस पुरवला, त्यावरून भारतीय भूपट्ट केव्हाच उत्तरेकडे सरकून गेला आहे. हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावरचा जागृत ज्वालामुखी हा त्याच स्तंभाचा आजचा पत्ता मानला जातो. तो लातूरपासून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. मराठवाड्याच्या खाली आज निमज्जन होणारा पट्ट नाही आणि वितळवणारा स्तंभही नाही. काळा पाषाण उरला आहे, त्यामागची भट्टी विझली आहे.

पाषाणाखालचा पाषाण

किल्लारीच्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, त्याखाली ८ मीटर गाळाचा थर आणि नंतर अब्जावधी वर्षांपूर्वीचा पायाचा खडक. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोलीच्या बाजूला बेसाल्टचे आवरण संपते आणि असा जुना ग्रॅनाइटी खडक उघड्यावर दिसतो. हा धारवाड क्रेटॉन या प्राचीन भूखंडाचा उत्तरेकडील भाग असून त्याच्या पूर्व विभागातील ग्रॅनाइट साधारण अडीच अब्ज वर्षांचे आहेत.

येथे गोष्टीला वेगळे वळण मिळते. याच भूखंडावर तेलंगणातील गदवाल येथील हिरव्या खडकांच्या पट्ट्यात बोनिनाइट आढळल्याचे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा खडक आज प्रामुख्याने निमज्जन क्षेत्रांत तयार होतो. त्याचे नाव जपानच्या बोनिन बेटांवरून आले आहे. त्यामुळे अडीच अब्ज वर्षांपूर्वी या भूमीवर बॅरन बेटासारख्या ज्वालामुखींची रांग असावी, असे अनेक संशोधक मानतात. काहींच्या मते त्या निर्मितीत तप्त स्तंभांचाही वाटा होता. म्हणजे मराठवाड्याने निमज्जनाचा अनुभव घेतला असेल, तर तो दख्खनच्या लाव्हारसाच्या कितीतरी आधी.

मग भूकंप का?

भारतीय भूपट्ट आजही उत्तरेकडे आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण हिमालयापासून दूर असलेल्या या जुन्या पायाच्या खडकातही साठतो आणि जुन्या भेगांवर कधीतरी मोकळा होतो. त्यासाठी शिलारसाची गरज नसते. किल्लारीत माणसे लाव्हारसाने मेली नाहीत; ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड धाब्याखाली गाडली गेली. त्या भिंतींचा दगड पुष्कळ ठिकाणी हाच काळा पाषाण होता.

भूरसायनशास्त्राने ज्वालामुखीची भीती निराधार ठरवली आहे. भूकंपाची भीती मात्र खरी आहे आणि तिच्यावरचा उपाय भूगर्भात शोधण्याची आवश्यकता नाही. तो घराच्या भिंतीत, छतात आणि ते बांधणाऱ्याच्या दक्षतेत आहे.