लॅन शिकायचे, पण कशातून?

लॅन म्हणजे एका घरातले, वर्गातले किंवा कार्यालयातले संगणक एकमेकांशी जोडणारे जाळे. रायपूरला चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी राउटर, बाबांचा लॅपटॉप आणि प्रिंटर मिळून जे होते, तेही लॅनच. विषय इतका जवळचा, पण त्यावरचे साहित्य ढीगभर. आपल्याला संगणकाचे तास मोजके मिळतात आणि सुट्टी तर बघता बघता संपते. म्हणून काय वाचायचे हे आधी ठरवायला हवे. त्यासाठी तीन प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न, माहिती कालबाह्य तर नाही ना? आयपी पत्त्यांचे क्लास ए, बी, सी हे प्रकार अनेक नोट्समध्ये आजची पद्धत म्हणून पाठ करायला देतात. खरे तर १९९३ मध्येच त्यांच्या जागी सायडर पद्धत आली. हे वर्ग इतिहास म्हणून सांगितले असतील तर ठीक, नाहीतर त्या नोट्स बाजूला ठेवाव्यात.

दुसरा प्रश्न, कारण दिले आहे का? 'हबपेक्षा स्विच चांगला' एवढे वाचून काही कळत नाही. हब आलेला संदेश सगळ्यांकडे पाठवतो. स्विच मात्र कोणत्या पोर्टवर कोणते यंत्र आहे हे मॅक पत्त्यावरून लक्षात ठेवतो आणि संदेश त्यालाच देतो. असे समजावणारे पुस्तक चांगले.

तिसरा प्रश्न, स्वतः पडताळता येते का? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' द्या. घरी बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसेल. हे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. त्यामुळे शेजारच्या घरीही तोच पत्ता असू शकतो आणि तरी गोंधळ होत नाही. मग राउटरला 'पिंग' करून उत्तर येते का ते पाहा.

सुरुवात एनसीईआरटीच्या बारावीच्या संगणकशास्त्राच्या पुस्तकातील नेटवर्कच्या प्रकरणापासून करावी. ते इंटरनेटवर मोफत आहे. पुढे एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. सखोल वाचायचे तर टॅनेनबॉम यांचे 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' ग्रंथालयात मागावे. सरावासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर आहे. त्यात खरी केबल किंवा स्विच विकत न घेता जाळे उभारता येते. वायरशार्क जाळ्यातली वाहतूक उघडून दाखवते, पण ते फक्त घरच्या जाळ्यावर, आई-बाबांना विचारूनच वापरावे. शाळेच्या जाळ्यावर सरांच्या परवानगीशिवाय काहीही करू नये.

नकाशावाचन वर्गात कितीही ऐकले, तरी होकायंत्र घेऊन मैदानात उतरल्याशिवाय येत नाही. लॅनचेही तसेच आहे. एक प्रकरण वाचावे, ते करून पाहावे आणि मगच पान उलटावे.