हवा लहान करता येत नाही

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या पाओली इथल्या एका जुन्या कोठारात, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, आर्थर यंग नावाचा माणूस छोटी हेलिकॉप्टरं करायचा आणि ती मोडायची. प्रिन्स्टनमध्ये गणित शिकलेल्या यंगने १९२८पासून हाच ध्यास घेतला होता. विजेवर चालणारी, तारेने जोडलेली त्याची मॉडेलं जमीन सोडत, डोलू लागत आणि कलंडून आपटत. अखेर त्याला इलाज सापडला तो एका दांडीत. रोटरच्या पात्यांना काटकोनात बसवलेली, दोन्ही टोकांना वजनं असलेली ही दांडी गरगर फिरताना आपली पातळी सहसा सोडत नाही. पात्यांचा कोन तिच्याशी जोडला की खालचा सांगाडा डोलला तरी पाती त्याच्यामागे फरफटत जात नाहीत. १९४१मध्ये यंगने असं मॉडेल विमान कारखानदार लॅरी बेल यांना उडवून दाखवलं आणि बेल कंपनीने त्याला कामावर घेतलं. ८ मार्च १९४६ रोजी बेल ४७ला नागरी वापराचा परवाना मिळाला. दोन्ही बाजूंना स्ट्रेचर बांधून कोरियातले जखमी सैनिक वाहून नेणारं हेलिकॉप्टर हेच. पुढे १९५६मध्ये उडालेल्या आणि व्हिएतनाम युद्धामुळे घराघरांत ओळखीच्या झालेल्या ‘ह्यूई’च्या, म्हणजे यूएच-१च्या, डोक्यावरही यंगची दांडी होतीच.

तेव्हा मॉडेल म्हणजे खऱ्या यंत्राची धाकटी नक्कल, हा समज हेलिकॉप्टरच्या बाबतीत निदान अर्धा तरी चुकीचा आहे. इथे धाकट्याने थोरल्याला उभं राहायला शिकवलं.

रेडिओवर चालणारं, मोकळं उडणारं मॉडेल मात्र बऱ्याच उशिरा आलं. विमानांची मॉडेलं आकाशात सर्रास घिरट्या घालत होती तेव्हाही हेलिकॉप्टर कुणाला साधत नव्हतं. ती कोंडी फोडणाऱ्यांत जर्मनीचे डीटर श्ल्युटर आघाडीवर होते. १९७०मध्ये त्यांच्या मॉडेलने जवळपास २८ मिनिटं हवेत राहून ११.५ किलोमीटर अंतर कापलं. त्यांनी रूप निवडलं होतं लष्करी ‘ह्यूई कोब्रा’चं. खऱ्या कोब्राचा सांगाडा जेमतेम ९१ सेंटिमीटर रुंद, कारण समोरून येणाऱ्या गोळीला निशाणा कमीत कमी मिळावा. मॉडेल करणाऱ्याला हीच शिक्षा, कारण इंजिन, गिअर, टाकी, पाती हलवणारे सर्व्हो सगळं त्या चिंचोळ्या पोटात कोंबायचं!

आता आकडेमोड. ह्यूईच्या एच प्रकाराच्या रोटरचा व्यास १४.६३ मीटर, रिकामं वजन सुमारे २,३६५ किलो, आणि रोटर मिनिटाला ३२४ फेरे घेतो. एक-पंचमांश मॉडेल करायचं तर व्यास २.९३ मीटर होतो. वजन मात्र पाचाने भागून चालत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पाचपट घटतात, म्हणून १२५ने भागायचं. उत्तर येतं १९ किलोच्या आसपास, आणि मोठ्या मॉडेलांची वजनं खरोखरच त्याच पट्ट्यात येतात.

भागत नाही ती हवा. ती थोरल्यालाही तीच आणि धाकट्यालाही तीच. हालचाली प्रमाणात दिसायच्या तर फेरे पाचच्या वर्गमुळाने वाढवावे लागतात, म्हणजे मिनिटाला साधारण ७२५. तरीही पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १११ मीटरच भरतो. खऱ्या ह्यूईत तो २४८ असतो. वेग निम्म्याहून कमी आणि पात्याची रुंदी पाचपट कमी, त्यामुळे हवेचा चिकटपणा धाकट्या पात्याला कितीतरी जास्त जाचतो. म्हणून जाणकार पात्याचा छेद बदलतात, कधी रुंदी किंचित वाढवतात आणि त्याविषयी फार बोलत नाहीत. ह्यूईचा तो छाती हादरवणारा ‘धप्‌ धप्‌’ आवाजही इथेच हरवतो. वेगात उडताना खऱ्या ह्यूईच्या पुढे झेपावणाऱ्या पात्याचं टोक ध्वनीच्या वेगाच्या जवळ पोचतं. मॉडेलचं पातं त्याच्या आसपासही फिरकत नाही.

डोळ्यांना फसवणं त्या मानाने सोपं. लहान वस्तू मुळातच चपळ डोलते. सव्वादोन पट जास्त चित्रं टिपून नेहमीच्या वेगाने दाखवली की तेच मॉडेल एकदम जड आणि भारदस्त वाटू लागतं. कॅमेऱ्याविना तो भारदस्तपणा चालवणाऱ्याच्या बोटांतून यावा लागतो. ताकद असूनही गिरक्या न घेणं हेच त्याचं कसब. मला तरी कोलांट्या मारणारं ह्यूई बघवत नाही.

किट घेतलं तर फायबरग्लासचं कवच, प्लायवूडच्या आडव्या चौकटी आणि रोटरची यंत्रणा तयार मिळते. मोठ्या मॉडेलांत हौशी लोक केरोसिनवर चालणारं छोटं टर्बाइनही बसवतात. मुळापासून करणाऱ्याला मात्र पत्रा लागतो, आणि तो मिळतो छापखान्यात. तुमच्या हातातला हा अंक ऑफसेटवर छापलेला असेल, तर त्यासाठी वापरलेली अॅल्युमिनियमची प्लेट काम संपल्यावर भंगारात जाते. मॉडेलवाल्यांच्या लेखी ते सोनं. प्लेट पातळ पण ताठ असते, म्हणून आधी नरम करायची. एका बाजूला कपड्यांच्या साबणाची वडी घासायची आणि दुसऱ्या बाजूने ज्योत सारखी फिरवत राहायची. साबण तपकिरी होऊन काळवंडू लागला की ज्योत काढायची. आणखी मोह केला तर पत्रा डोळ्यांदेखत गळतो. गार झालेला पत्रा बोटाने दाबला तरी गोलाईवर बसतो. मग रिव्हेट. खऱ्याचं डोकं ६ मिलिमीटर धरलं, तर इथे १.२. उठावाचे रिव्हेट म्हणून सुईतून पांढऱ्या गोंदाचे थेंब ओळीने टाकतात. सपाट रिव्हेटसाठी धार काढलेली पितळी नळी हलकेच टेकवून वर्तुळं उमटवतात. वीस मीटरवर उडताना यातलं काहीही दिसत नाही. तरी लोक हिवाळेच्या हिवाळे थेंब टाकत बसतात!

टेबलावर ठेवायच्या मॉडेलांचं जग वेगळं. तिथे एक-पस्तिसांश हे माप रुळलं, ते जपानच्या तामिया कंपनीच्या पँथर रणगाड्यामुळे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या त्या मॉडेलमध्ये मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा आकार ठरला, आणि प्रमाण मागाहून मोजलं गेलं. रणगाडे आणि सैनिक त्या मापाचे, म्हणून त्यांच्याशेजारी उतरणारं ह्यूईही त्याच मापाचं, ४२ सेंटिमीटर व्यासाच्या रोटरचं.

यंगच्या दांडीची गोष्ट अजून बाकी आहे. मॉडेलवाल्यांनी तीत हिलर या हेलिकॉप्टर कंपनीची युक्ती मिसळली, म्हणजे टोकांना वजनांऐवजी छोटी वल्ही लावली, आणि काही दशकं जवळपास प्रत्येक मॉडेल त्या जोडीवर तरलं. ह्यूई करणाऱ्याची त्यामुळे सोय झाली, कारण दांडी मुळातही होतीच. फक्त वल्ही दिसली की कट्टर मंडळी नाक मुरडायची. २०१०च्या आसपास इलेक्ट्रॉनिक जायरोंनी ते काम हाती घेतलं. आता ह्यूईच्या मॉडेलवर दांडी बसवतात, टोकांना बरोबर वजनं असलेली, पण तिच्यावर कसलाच भार नसतो.

धोका मात्र प्रमाणात घटत नाही. ८०० ग्रॅमच्या पात्याचा गुरुत्वमध्य पाऊण मीटरवर धरला, तर ७२५ फेऱ्यांना ते पातं मुळाशी साधारण ३५० किलोच्या ताकदीने ओढतं. आपल्याकडच्या २०२१च्या ड्रोन नियमांत मॉडेलची कमाल मर्यादा २५ किलो आहे, पण माणूस जिवानिशी जायला त्याच्या पाव वजनाचं मॉडेलही पुरतं. म्हणून रोटर फिरत असताना कुणी जवळ जात नाही, आणि पात्याला पुसटसा तडा दिसला तरी पूर्ण जोडी बाद करतात.

आता आपल्याकडचं हेलिकॉप्टर. नाशिकला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा असल्याने ‘चीता’ हेलिकॉप्टर तिथल्या लोकांच्या नजरेतलं. मूळ फ्रेंच ‘लामा’. भारताला हिमालयात चालेल असं यंत्र हवं होतं म्हणूनच ते घडलं, आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते देशातच बांधलं. मॉडेलवाल्याला ते घाम फोडतं. शेपूट म्हणजे उघड्या नळ्यांची जाळी आणि इंजिन पाठीवर उघडं, त्यामुळे मोटर लपवायला कवचच नाही. शेपटीची प्रत्येक नळी कोनात कापून जोडायची, आणि एक जरी तिरकी बसली तर टेल रोटरचा दांडा थरथरतो. याच लामाने २१ जून १९७२ रोजी वैमानिक जाँ बुले यांना १२,४४२ मीटरवर नेलं. वर इंजिन विझलं आणि ते केवळ वाऱ्यावर फिरणाऱ्या रोटरच्या भरवशावर खाली उतरले. मॉडेलमध्येही मुख्य गिअरमध्ये एकाच दिशेने सुटणारं बेअरिंग घालतात, ते नेमकं याचसाठी. इंजिन बंद पडलं तरी रोटर मोकळा फिरत राहतो आणि उतरण्यापुरता झोक त्याच्यात शिल्लक असतो.