गप्प झाले ते नेमके कोणते जनुक?

2024 मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्कुन यांना मायक्रोआरएनएसाठी नोबेल जाहीर झाले आणि चिमुकल्या आरएनएंचे कौतुक पुन्हा सुरू झाले. ते रास्तच आहे. मात्र प्रयोगशाळांत रोजच्या वापरात असतो तो मायक्रोआरएनएचा सख्खा भाऊबंद, एसआयआरएनए.

फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी 1998 साली दुहेरी आरएनएने सूत्रकृमीतले जनुक गप्प केले. माणसाच्या पेशीत मात्र असा लांब आरएनए शिरला की तिला विषाणू आल्यासारखे वाटते आणि ती सरसकट सगळी प्रथिने बनवणे थांबवते. 2001 मध्ये जर्मनीत थॉमस टुश्ल यांच्या गटाने आरएनएचा तुकडा 21 अक्षरांवर आणला आणि पेशीने तो बिनबोभाट स्वीकारला. हाच एसआयआरएनए. आता हव्या त्या जनुकाशी जुळणारा तुकडा मागवायचा, पेशीत सोडायचा. त्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए कापला जातो आणि दोन-तीन दिवसांत प्रथिन घटते. डीएनएला धक्काही लागत नाही.

पण तुकड्याच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरे जरी जुळली, तरी भलतेच संदेश दबतात. मायक्रोआरएनए असाच तर काम करतो!

याची किंमत किती, हे मेल्क या जनुकाने दाखवले. मेल्क गप्प केले की कर्करोगाच्या पेशी खुंटतात, असे अनेक प्रयोगांत दिसले होते. त्याला लक्ष्य करणारे ओटीएस167 हे औषध रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. 2017 मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये जेसन शेल्ट्झर यांच्या गटाने, ज्यात पदवीचे विद्यार्थीही होते, क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने हे जनुक डीएनएतूनच मोडले. पेशी वाढतच राहिल्या. आणि मेल्क नसलेल्या पेशींनाही ते औषध मारतच होते! म्हणजे औषधाचा मारा दुसरीकडेच कुठेतरी होता. 2019 मध्ये याच गटाने आणखी काही औषधांबाबत हेच दाखवले. या चाचण्यांत आशेने नाव नोंदवणारी माणसे असतात, हे विसरून चालणार नाही.

यावर उपाय आहे. एकाच जनुकासाठी दोन-तीन वेगवेगळे तुकडे वापरायचे, सोबत कशाशीच न जुळणारा एक तुकडा ठेवायचा. त्यानंतरची कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. प्रथिन तेच, पण अक्षरे बदललेली, एसआयआरएनएला न ओळखता येणारी जनुकाची प्रत पेशीत परत घालायची. पेशी पूर्ववत झाली, तरच दोष त्या जनुकाचा. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून टाळले जाते. ही कसोटी नसलेला शोधनिबंध संपादकांनी परत पाठवावा आणि पीएचडीच्या परीक्षकांनी तिच्याबद्दल पहिला प्रश्न विचारावा.