क्लाइड बॅरो: दंतकथेखाली झाकलेला माणूस

एखादे जोडपे चोरीत सापडले की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘बंटी-बबली जेरबंद’ हा मथळा ठरलेला असतो. २००५च्या हिंदी सिनेमाने ही जोडी घरोघरी पोहोचवली. तिच्या मागे उभी असते ती टेक्ससची बॉनी आणि क्लाइड ही जोडी, आणि तीही बहुतेकांना माहीत असते ती आर्थर पेन यांच्या १९६७च्या सिनेमातून. वॉरन बेटी आणि फे डनवे यांचे देखणे चेहरे, नव्या कोऱ्या गाड्या, बँकांवरचे दरोडे आणि शेवटी गोळ्यांच्या वर्षावात आलेला मृत्यू. सिनेमा म्हणून तो मोठाच आहे. पण त्याने क्लाइड बॅरो नावाच्या खऱ्या माणसावर असा पडदा टाकला की त्याच्या हातून काय घडले आणि त्याच्या वाट्याला काय आले, ही दोन्ही सत्ये मागे पडली.

‘महामंदीने त्याला गुन्हेगार बनवले’

हे सर्वांत जास्त ऐकू येणारे विधान, आणि ते तारखांपुढे टिकत नाही. शेअर बाजार कोसळला ऑक्टोबर १९२९मध्ये. क्लाइडला पहिली अटक झाली १९२६च्या अखेरीस, भाड्याने घेतलेली गाडी वेळेवर परत न केल्याबद्दल. पुढच्या अटकेच्या वेळी थोरला भाऊ बक सोबत होता आणि मुद्देमाल होता चोरीच्या टर्की कोंबड्यांचा. मंदी सुरू झाली तोवर दुकाने फोडणे आणि गाड्या पळवणे त्याच्या अंगवळणी पडले होते.

गरिबी मात्र खरी होती, आणि ती मंदीच्या आधीची होती. २४ मार्च १९०९ रोजी एलिस काउंटीतल्या टेलिको या खेड्याजवळ तो जन्मला. सात भावंडांत पाचवा. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस पिकवायचे. शेतीत भागेना तेव्हा १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब डॅलसच्या पश्चिमेला, ट्रिनिटी नदीच्या पुराच्या पट्ट्यातल्या वस्तीत आले. घर नव्हते, म्हणून पहिले कित्येक महिने सगळे आपल्या घोडागाडीखाली झोपले. पैसे साठवून तंबू घेतला, तीच त्यांची पहिली प्रगती. पुढे वडिलांनी तिथेच पेट्रोल पंप चालवला. त्याच वस्तीत त्याच हालात हजारो मुले वाढली आणि त्यांतल्या बहुतेकांनी बंदूक उचलली नाही, हेही इथेच लक्षात ठेवायला हवे.

क्लाइड भुरट्या चोराचा खुनी झाला तो तुरुंगात. या कहाणीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि १९६७च्या सिनेमात नेमका हाच जवळजवळ गाळलेला आहे.

१९३०मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याला ईस्टहॅम या टेक्ससच्या कैदी शेतीवर पाठवले. नावाला शेती, प्रत्यक्षात नरक. घोड्यावर बसलेले बंदूकधारी पहारेकरी कैद्यांना पळवत शेतात न्यायचे आणि अंधार पडेपर्यंत कापूस वेचून घ्यायचे. हात मंदावला की चामड्याच्या पट्ट्याचे फटके, आणि ही शिक्षा तेव्हा कायदेशीर होती. बराकीत एड क्राउडर नावाच्या धिप्पाड कैद्याने क्लाइडवर पुन्हा पुन्हा लैंगिक अत्याचार केले. दाद मागायला जागा नव्हती. ऑक्टोबर १९३१मध्ये क्लाइडने शिशाच्या नळीने त्याचे डोके फोडले. त्याच्या हातून झालेला हा पहिला खून. आधीच जन्मठेप भोगणाऱ्या दुसऱ्या एका कैद्याने तो आपल्या अंगावर घेतला.

जानेवारी १९३२मध्ये शेतकामातून सुटका व्हावी म्हणून क्लाइडने डाव्या पायाची दोन बोटे कुऱ्हाडीने तोडली. काही सांगतात स्वतः तोडली, काही म्हणतात दुसऱ्या कैद्याकडून तोडून घेतली. इकडे त्याची आई गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांच्याकडे अर्जविनंत्या करत होती, हे त्याला ठाऊक नव्हते. बोटे तोडली आणि आठवड्याच्या आत त्याचा पॅरोल मंजूर झाला. २ फेब्रुवारी १९३२ रोजी तो कुबड्यांवर बाहेर आला. तो पाय नंतर नीट भरून आला नाही, त्यामुळे गाडी चालवताना तो बूट काढून नुसत्या मोज्यांवर बसे.

बहिणींनी आणि सोबत्यांनी नंतर सांगितले की ईस्टहॅमहून परतलेला क्लाइड वेगळाच होता. कीर्ती किंवा संपत्ती यांपेक्षा त्याला एकच ध्यास लागला होता, ईस्टहॅमवर हल्ला करून कैदी सोडवण्याचा. १६ जानेवारी १९३४ रोजी त्याने तो तडीस नेला. त्यात एका पहारेकऱ्याचा जीव गेला आणि सरकारने क्लाइडला संपवायचे ठरवले. तुरुंगाने त्याला घडवले, हे मी जबाबदारीने म्हणतो. पण घडवले याचा अर्थ त्याचे पुढचे खून माफ झाले असा होत नाही.

‘मोठमोठ्या बँका लुटल्या, गरिबांना पैसे वाटले’

१९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या. लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली, कर्जापायी शेते आणि घरे जप्त झाली. बँक लुटणाऱ्याबद्दल लोकांना छुपे प्रेम वाटावे, अशी ती हवा होती. त्या हवेत क्लाइडलाही कैवाऱ्याचा मुखवटा मिळाला.

प्रत्यक्षात दोन वर्षांत त्याच्या टोळीने लुटलेल्या बँका पंधराच्या आत भरतात, आणि त्याही छोट्या गावांतल्या. बाकीची कमाई होती पेट्रोल पंप, किराणा दुकाने आणि लहान व्यापारी यांच्या गल्ल्यांतली. म्हणजे लुटले गेले ते मंदीत कसेबसे तग धरून असलेले, त्याच्या वडिलांसारखेच लोक. गरिबांना पैसे वाटल्याची गोष्ट तर दंतकथाच. जे हाती येई ते पेट्रोल, खाणे आणि काडतुसांवर जाई. उरलेच तर घरच्यांना.

ज्यांचे बळी गेले त्यांच्याकडे पाहा. टोळीच्या नावावर साधारण तेरा खून मोजले जातात, त्यांत बहुसंख्य पोलीस आणि इतर सरकारी सेवक. ३० एप्रिल १९३२ रोजी हिल्सबरो गावात जॉन बुकर हा दुकानदार मारला गेला. त्याच वर्षी ख्रिसमसच्या दिवशी, टेंपल गावात, डॉयल जॉन्सन हा तरुण आपल्या दारासमोरची गाडी चोरीला जाताना पाहून धावत बाहेर आला आणि गोळी लागून गेला. एका जुन्या मोटारीसाठी. ज्या जोडीच्या प्रेमकथा आपण चवीने ऐकतो, तिच्या खात्यावर हा ख्रिसमसही आहे.

लोकांचे मन फिरले ते १ एप्रिल १९३४ रोजी. ईस्टरचा रविवार होता. डॅलसजवळच्या ग्रेपवाइन गावाबाहेर रस्त्याकडेला थांबलेली गाडी पाहून, कुणाला मदत हवी असेल म्हणून, महामार्ग गस्तीचे दोन मोटारसायकलस्वार थांबले. ई. बी. व्हीलर आणि एच. डी. मर्फी. दोघांनाही जागीच मारले. मर्फी नोकरीत नवखा होता, त्याचे लग्न काही दिवसांवर आले होते. त्याच्या वाग्दत्त वधूने अंत्यसंस्काराला लग्नाचाच पोशाख घातला. त्यानंतर पाचच दिवसांनी ओक्लाहोमातल्या कॉमर्स गावी कॅल कॅम्पबेल हा साठीचा कॉन्स्टेबल मारला गेला.

‘बॉनी सिगार ओढणारी, बंदूक चालवणारी बाई होती’

या समजाचा उगम एका फोटोत आहे. १३ एप्रिल १९३३ रोजी मिझुरीतल्या जॉप्लिन शहरात पोलिसांनी टोळीच्या भाड्याच्या घराला वेढा घातला. दोन पोलीस मारून टोळी निसटली, पण घाईत मागे राहिलेल्या सामानात न धुतलेले फिल्मचे रोल सापडले. त्यांत एक चित्र होते: बॉनी गाडीच्या बंपरवर पाय टेकून उभी, हातात पिस्तूल, तोंडात सिगार. आपसांतली थट्टा होती ती. तो फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला आणि बॉनीची तीच ओळख कायमची ठरली. एरवी ती सिगारेट ओढे, सिगार नाही, आणि सिगारवालीच्या प्रतिमेचा तिला राग येई.

टोळीत महिनोन्‌महिने राहिलेल्या डब्ल्यू. डी. जोन्सने नंतर सांगितले की आपण सोबत असलेल्या पाच मोठ्या चकमकींत बॉनीने एकदाही गोळी झाडली नाही. ग्रेपवाइनला तिने हसत हसत पोलिसाला गोळी घातली, हे वृत्तही नंतर खोटे ठरले. तरी ती अजाण होती असे मुळीच नाही. क्लाइडला तुरुंगातून पळता यावे म्हणून मार्च १९३०मध्ये वेको इथे पिस्तूल आत नेऊन देणारी तीच होती, आणि पुढे दोन वर्षे सगळे डोळ्यांसमोर घडत असताना ती त्याच्यासोबत राहिली.

आणखी एक, लोक त्यांना नवरा-बायको समजतात. बॉनीचे लग्न सोळावे पुरे होण्याआधीच रॉय थॉर्नटन नावाच्या मुलाशी झाले होते. तो तुरुंगात गेला, पण घटस्फोट कधी झाला नाही. मेली तेव्हाही तिच्या बोटात त्याचीच अंगठी होती.

‘ऐषआरामात भटकत होते’

ऐष अशी नव्हतीच. १० जून १९३३च्या रात्री टेक्ससच्या वेलिंग्टनजवळ, पूल दुरुस्तीचा वळणरस्ता दाखवणारी पाटी भरधाव क्लाइडच्या नजरेतून सुटली आणि गाडी दरीत कोसळली. बॅटरीतले आम्ल बॉनीच्या उजव्या पायावर सांडले. मांस इतके खोल जळाले की काही ठिकाणी हाड दिसत होते. दवाखान्यात नेणे शक्य नव्हते. तिचा तो पाय नंतर कधी सरळ झाला नाही. उरलेले वर्ष ती एका पायावर उड्या मारत चाले, नाहीतर क्लाइड तिला उचलून नेई. मोटेलमध्ये राहिले की ओळखले जात, म्हणून गाडीतच झोप, ओढ्यात आंघोळ, शेकोटीवरचे जेवण. जुलै १९३३मध्ये पोलिसांनी प्लॅट सिटीत आणि मग आयोवातल्या डेक्सफील्ड पार्कमध्ये गाठले. बकच्या डोक्यात गोळी लागली होती. तो काही दिवसांनी मेला. त्याची बायको ब्लांश पकडली गेली, एका डोळ्याची दृष्टी गमावून.

‘पोलीस त्यांच्यापुढे बावळट ठरले’

ते सापडत नव्हते याची कारणे वेगळी होती. राज्याची हद्द ओलांडली की पोलिसांचा अधिकार संपे, आणि क्लाइड हद्दीच्या कडेकडेनेच फिरे. फोर्ड व्ही-८ गाड्या तो चोरून वापरे, त्यांना गाठणे गावच्या शेरीफच्या गाडीला जमत नसे. शस्त्रे तर नॅशनल गार्डच्या शस्त्रागारांतून चोरलेल्या लष्करी ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफली. समोर पोलिसांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर. क्लाइडने हेन्री फोर्डला गाडीची तारीफ करणारे पत्र लिहिले म्हणतात. ते पत्र आहे, पण हस्ताक्षर क्लाइडचेच असल्याचे सिद्ध झालेले नाही.

त्याला एफबीआयने मारले, हाही गैरसमज. पाठलाग करणारा मुख्य माणूस होता फ्रँक हेमर, टेक्सस रेंजर्समधून निवृत्त झालेला अधिकारी, ज्याला तुरुंग खात्याने फेब्रुवारी १९३४मध्ये कामाला लावले. सिनेमात ही जोडी हेमरला पकडून त्याची विटंबना करते. प्रत्यक्षात शेवटच्या सकाळपर्यंत त्यांची समोरासमोर गाठच पडली नव्हती. हेमरच्या विधवेने वॉर्नर ब्रदर्सवर दावा लावला आणि १९७१मध्ये कंपनीने तडजोड केली.

२३ मे १९३४, सकाळी सव्वानऊचा सुमार. लुईझियानातल्या बिएनव्हिल परगण्यात, गिब्सलँड गावाजवळच्या रस्त्यावर झुडपांत सहा जण दबा धरून होते. त्यांत एफबीआयचा एकही नव्हता. टोळीतल्या हेन्री मेथविनला टेक्ससने माफी द्यावी, बदल्यात त्याच्या वडिलांनी मदत करावी, असा सौदा झाला होता. बापाचा ट्रक चाक काढून रस्त्यात उभा होता. क्लाइडने वेग कमी केला आणि त्याच क्षणी गोळ्या सुटल्या. ‘शरण या’ म्हणण्याआधीच. सुमारे १३० गोळ्या. पहिल्यांपैकी एक डोक्यात लागून क्लाइड स्टिअरिंगवरच गेला, पायांत मोजे. बॉनीच्या मांडीवर गिब्सलँडहून घेतलेले सँडविच होते. तो पंचवीस वर्षांचा, ती तेवीस. पडद्यावर पाहतो तसा हवेत झेपावणारा मृत्यू तिथे कुणालाच आला नाही.

मृतदेह आर्केडिया गावी नेले तेव्हा दोन हजार वस्तीच्या त्या गावात हजारोंची झुंबड उडाली. लोकांनी केस आणि कपड्यांचे तुकडे कापून नेले. एकाने तर क्लाइडचा कान कापायचा प्रयत्न केला. वर्षभरापूर्वी रस्टनहून टोळीने एका अंत्यसंस्कार करणाऱ्याला पळवून नेऊन सोडून दिले होते, आणि आपल्यालाही तुझीच गरज पडेल असे बॉनी त्याला हसून म्हणाली होती. त्या दिवशी मृतदेहांच्या कामाला तोच हजर होता.

शेवटचा समज, दोघे शेजारी चिरनिद्रा घेत आहेत. नाही. बॉनीच्या आईने ते होऊ दिले नाही. क्लाइड वेस्टर्न हाइट्सच्या दफनभूमीत बकजवळ आहे, बॉनी क्राउन हिलमध्ये. पुढच्या वर्षी, १९३५मध्ये, आसरा दिल्याबद्दल दोघांच्या आया खटल्यात उभ्या राहिल्या आणि दोघींनाही तीस दिवसांची शिक्षा झाली.

आज डॅलस आणि फोर्ट वर्थ भागात बरीच मराठी कुटुंबे आहेत, आणि विमानतळाला लागूनच ग्रेपवाइन आहे. तिथून जवळ, साउथलेकमध्ये डव्ह रोडवर, मर्फी आणि व्हीलर यांच्या स्मरणार्थ १९९६मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा दगड आहे. बॉनी-क्लाइडच्या कबरी पाहायला जाणाऱ्यांना ती दोन नावे बहुतेक ठाऊक नसतात. तुम्ही त्या बाजूला गेलात, तर तिथे आधी थांबा.