चुलीबाहेरचं झाकण

ग्रॅनाइटवर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा हसूच आलं. पुणेकराला ग्रॅनाइट भेटतो तो ओट्यावर; आणि ओट्यावरचा काळाकुळकुळीत दगड बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. आपल्या पायाखाली तर सगळा बेसॉल्ट. पण पुण्याभोवतीच्या खाणींत त्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांतून ॲपोफिलाइटचे लखलखीत स्फटिक निघतात, आणि त्यांत फ्लोरीन असतं. हेच फ्लोरीन वितळलेल्या ग्रॅनाइटच्या रसात घातलं तर काय होईल? या कुतूहलापायी मी एका यंत्रापाशी पोचलो आणि तिथेच रमलो.

टटल या अमेरिकी संशोधकाने 1949 साली ते मांडलं. मिश्रधातूचा जाड दांडा, त्यात आरपार न जाणारं भोक. बंद टोक भट्टीत, झाकण मात्र भट्टीबाहेर, गार. कुकरची रिंग उष्णतेनेच आधी जाते, हे घरोघरी ठाऊक आहे. टटलने तोंडच चुलीबाहेर ठेवलं! म्हणून हजार वातावरणांचा दाब, म्हणजे जमिनीखाली साडेतीन-चार किलोमीटरवरचा, आठवडेच्या आठवडे टिकतो.

आत सोन्याची इवलीशी नळी, दोन्ही टोकं डाग देऊन बंद. तिच्यात खनिजांची पूड, पाणी आणि फ्लोरीन. मॅनिंग या संशोधकाने 1981 साली असे निष्कर्ष छापले: फ्लोरीन नसताना ग्रॅनाइटी मिश्रणाचं सर्वांत कमी वितळण-तापमान 730 अंश सेल्सिअस, 4 टक्के फ्लोरीन घातल्यावर 630. शिवाय सर्वांत आधी वितळणारं मिश्रण क्वार्ट्‌झपासून दूर, अल्बाइट या खनिजाकडे सरकलेलं. फ्लोरीन सिलिकेटची साखळी तोडतं, त्यामुळे रस पातळही होतो.

आकडे असे सुटसुटीत दिसतात, पण हा रस खट्याळ. चिक्कीचा पाक पटकन गार झाला की काचेसारखा होतो. खडीसाखरेला दिवस द्यावे लागतात. ग्रॅनाइटचा रस त्याहून आळशी. नळीत नुसती काच मिळाली, तर स्फटिक धरण्याजोगं तापमान नव्हतं की त्यांना धरायला सवडच मिळाली नाही? म्हणून एकदा काचेपासून आणि एकदा स्फटिकांपासून सुरुवात करायची. दोन्ही वाटा एकाच जागी आल्या तरच आकड्यावर भरवसा. भट्टीतून दांडा काढून झटकन गार करतानाही पिसासारखे स्फटिक उगवतात आणि खऱ्यांत मिसळून जातात. सोनं कुठे पिचलं, तर फ्लोरीन बाहेर पडून भांड्यालाच खातं. त्यामुळे नळी आधी तोलायची, नंतर पुन्हा तोलायची. वजन घटलेलं दिसलं की महिन्याभराची मेहनत कचऱ्यात, आणि पुन्हा पूड दळायला बसायचं.